माझ्या चेहऱ्याचे तेवीस पत्ते

नोव्हेंबरातल्या एका धुकट सकाळी, अल बर्शाच्या मेट्रो स्टेशनाकडं जाताना, मला रस्त्यापलीकडच्या होर्डिंगवर माझे बूट दिसले. एकेक बूट मोटारीएवढा.

होर्डिंगच्या तीन तुकड्यांपैकी एकच तुकडा चढला होता. त्यात फक्त दोन पाय होते, हवेत पुढं झेपावलेले. एका बुटाला पांढरी नाडी, दुसऱ्याला नारिंगी. पांढऱ्या जोडीतली एक गेल्या मोसमात ऐन स्पर्धेच्या सकाळी तुटली आणि मी हाताला लागली ती नारिंगी ओवली होती. असल्या नाड्या साऱ्या अमिरातीत दुसरं कोण बांधणार?

"मॅडम, पीछे. थोडा और पीछे," माणसाला वर उचलणाऱ्या मॅनलिफ्टच्या पाळण्यातून आवाज आला.

मी मागं सरले, पण नजर हलेना. "अगं बाई... हे तर माझे बूट," मी स्वतःशीच पुटपुटले.

पाळण्यातला पिवळं हेल्मेट घातलेला मुलगा वाकून खाली बघू लागला. "मराठी आहात होय? मग थांबा की दहा मिनिटं. तोंड अजून यायचंय."

मी थांबले. दुसरा तुकडा चढला... त्यात माझा पसरलेला हात आणि त्या हातात ज्यूसची एक भलीमोठी बाटली. लांब उडी मारताना कुणी बाटली धरतं का? तिसऱ्या तुकड्यात माझा चेहरा आला. तोंड उघडं, केस उडालेले, डोळे वाळूवर. मुलानं हातानं कड दाबत आणली, मग थबकला. चित्राकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, पुन्हा चित्राकडं. मग लिफ्ट सावकाश खाली आली.

"तुमची डावी भुवई माझ्या हाताएवढी आहे," तो म्हणाला आणि एकदम कानापर्यंत लाल झाला. "म्हणजे... वरची."

"आणि खालची?"

"खालची... बरी आहे."

मला हसू आवरेना. त्याचं नाव नीलेश पाष्टे, गाव गुहागरजवळ, दुबईत चौथं वर्ष. मी ईश्वरी दामले, युनिव्हर्सिटीत तिसऱ्या वर्षाला, लांब उडीत टीमची पहिली. फी अर्धी माफ, ती उडीमुळंच. फोटो गेल्या वर्षीच्या स्पर्धेतला होता. तो ज्यूस मात्र मी कधी चाखलाही नव्हता.

हात पुसता पुसता नीलेशनं सहज विचारलं, "किती मिळाले याचे?"

"कसले?"

"फोटोचे."

"काही नाही. मला तर आत्ता कळतंय."

त्याचे हात फडक्यातच थांबले. "काहीच नाही?" वर बोट दाखवत तो म्हणाला, "माझ्याकडं आलेल्या कामात हा तेविसावा आहे. एक तर पार रुवैसला आहे."

तेवीस... मी वर बघितलं. धुकं विरत चाललं होतं आणि माझा चेहरा शेख झायेद रोडवरच्या गाड्यांना ज्यूस प्या म्हणून सांगत होता.

संध्याकाळी घरी आईनं, मी तिला धाडलेला होर्डिंगचा फोटो आधीच पुण्याला नातेवाइकांना पाठवून टाकला होता. "सगळे विचारतायत, ईश्वरी मॉडेल झाली का," छायाबाई, म्हणजे माझी आई, खुशीत होती. बाबांना मी खरं ते सांगितलं. बाबा एका बांधकाम कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर आहेत. अठरा वर्षं इथं काढलीत आणि प्रत्येक कागद तीनदा वाचतात.

"स्कॉलरशिप देतात ना ते?" ते म्हणाले.

"ती उडीची आहे, बाबा."

"हे बघ, आपण इथं व्हिसावर राहतो. विनाकारण इश्यू करू नकोस. तुझं नाव होतंय, प्रोफाइल बनतंय. सोडून दे."

मी सोडून देणारच होते. पण रात्रभर ते 'काहीच नाही?' कानात राहिलं.

दुसऱ्या दिवशी मी स्पोर्ट्स डायरेक्टर युसुफ सरांकडं गेले. हा माणूस वाईट नव्हता. पहिल्या वर्षी माझ्याकडं स्पाइक्स, म्हणजे खिळ्यांचे बूट, नव्हते तेव्हा त्यांनी स्वतःच्या खिशातून घेऊन दिले होते. म्हणूनच बोलताना माझी जीभ अडखळत होती.

"टीममध्ये येताना फॉर्मवर तुझी सही आहे," ते शांतपणे म्हणाले.

"सर, त्या फॉर्ममध्ये कॅम्पसच्या मासिकासाठी असं लिहिलंय. ज्यूसचा कुठं उल्लेख नाही."

"ज्यूस कंपनी आपली स्पॉन्सर आहे. ट्रॅक, कोच, बस... हे सगळं कुठून येतं? ही टीम नसती तर तुझा फोटो कुणी काढला असता? आणि लागलाय किती ठिकाणी, दोन-चार." मग जरा थांबून म्हणाले, "स्कॉलरशिप दरवर्षी नव्यानं मंजूर होते, ईश्वरी. विचार कर."

मी बाहेर आले. टीममधली माझी मैत्रीण एमान, चारशे मीटर पळणारी, पायऱ्यांवर वाट बघत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग तिनं फोनमधला एक फोटो दाखवला. एका जिमच्या दारावर तिची पाठ आणि वेणी. तिलाही कुणी विचारलं नव्हतं.

"दोन-चार म्हणाले ना?" एमान म्हणाली. "मग मोजून दाखवू. यल्ला, चल."

मी नीलेशला फोन लावला. त्यानं नंबर दिला होता, 'काही लागलं तर' म्हणून. आणि मीही घेतला होता, काही लागणार नाही हे माहीत असून.

"यादी नाही देता येणार," तो म्हणाला. "कंपनीची आहे ती." मी बरं म्हणून फोन ठेवणार होते. तेवढ्यात तो सावकाश म्हणाला, "पण होर्डिंग रस्त्यावरच आहेत. रविवारी मला सुट्टी असते. दाखवता येतील."

असे आमचे रविवार सुरू झाले. एमानची जुनी गाडी, ती चालवायला, मी शेजारी आणि मागं नीलेश, मांडीवर डबा घेऊन. प्रत्येक ठिकाणी मी होर्डिंगखाली उभी राहायची आणि नीलेश फोटो काढायचा. वर माझा प्रचंड चेहरा, खाली तोच चेहरा एवढासा.

"जरा डावीकडं... अजून... बास," तो म्हणायचा. "हसू नका."

"का?"

"पुराव्याचा फोटो आहे. आणि... तुम्ही हसलात की माझा हात हलतो."

हे तो इतक्या गंभीरपणे म्हणायचा की एमानला मराठी येत नसूनही ती आरशातून भुवया उंचवायची.

शारजात अल मजाजला, खालिद लगूनच्या काठी, अकरावं होर्डिंग होतं. फोटो झाल्यावर आम्ही टपरीवरचा दाट दुधाचा करक चहा घेऊन पाण्याकडं तोंड करून बसलो. नीलेशनं डबा उघडला. तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी, पहाटे स्वतः केलेली.

"सहा जण आहोत खोलीत," तो म्हणाला. "रविवारी चूल माझी."

"आणि तुम्हाला हे सगळं कशाला करायचंय? सुट्टी वाया जाते तुमची."

तो पाण्याकडं बघत राहिला. "माझे वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. अक्षराचे पैसे बुडाले तरी चालतील, पण माणसाचं नाव त्याला विचारल्याशिवाय भिंतीवर लिहायचं नाही, असं म्हणायचे." मग हळूच म्हणाला, "आणि वाया... नाही जात."

त्याच्या बोटांना होर्डिंगच्या व्हिनिलच्या डिंकाचा चिकट वास होता. मला तो वास आवडायला लागला होता, हे मला तिथं, लगूनच्या काठावर कळलं आणि मी घाईघाईनं चहा पिऊन जीभ भाजून घेतली.

रुवैसचं होर्डिंग शेवटचं ठेवलं होतं. अबुधाबी ओलांडून तासन्‌तास पळणारा सरळ रस्ता, एका बाजूला वाळू, दुसऱ्या बाजूला मधूनच निळी रेघ, आणि शेवटी रिफायनरीच्या चिमण्या. तिथं वारा असा होता की गाडीचं दार उघडेना. होर्डिंग बुटकं होतं, पण त्याची खालची कड सुटून फडफडत होती. माझी हनुवटी मधोमध फाटत चालली होती.

"बरंच झालं," मी म्हणाले. "फाटू दे. मला तर ते काढायलाच हवंय."

पण नीलेश आधीच चौथऱ्यावर चढला होता. खिशातून दोरी काढून त्यानं कड ओढली, एकेक भोकातून दोरी ओवून गाठी मारल्या. वाऱ्यानं डोळ्यांत वाळू जात होती, तरी हात थांबले नाहीत. शेवटची गाठ मारून त्यानं त्या हनुवटीवरून तळवा फिरवला, सुरकुती सपाट केली.

"हे काय केलंत?" मी विचारलं. "आपण यांच्याशी भांडतोय ना?"

"भांडण कागदाचं आहे," तो खाली उतरत म्हणाला. "तुमचं तोंड असं वाऱ्यावर फाटताना... मला नाही बघवलं."

तेविसावा फोटो मला काढायला सांगवेना. आम्ही दोघं नुसते उभे होतो. शेवटी एमाननंच फोन त्याच्या हातातून घेतला आणि फोटो काढला. त्यात आम्ही दोघंही आहोत.

डिसेंबरात टीममधल्या सतरा खेळाडूंच्या सह्यांचं पत्र आम्ही दिलं आणि युनिव्हर्सिटीनं चौकशी कमिटी बसवली. सही केल्यावर स्कॉलरशिप जाईल या भीतीनं दोघींना रडू आलं होतं, पण सही त्यांनीही केली. बाबांनी आदल्या दिवशी पत्र मागून घेतलं, तीनदा वाचलं. दोन चुका दुरुस्त केल्या. मग ते परत माझ्या हातात दिलं.

कमिटीसमोर युसुफ सर म्हणाले, "प्रसिद्धी मर्यादित होती. आणि या खेळाडूंना आम्ही शिक्षण देतो, ट्रेनिंग देतो. चेहऱ्याचेही पैसे द्यायला लागलो तर ते विद्यार्थी उरतील का?"

मी उभी राहिले. "सर, माझी उडी टीमची आहे. ती मी दिली आणि तिची स्कॉलरशिप मला मिळाली. त्याबद्दल मी कायम आभारी आहे. पण ही बाटली माझ्या हातात देताना मला कुणी विचारलं नाही." मी तेवीस फोटो टेबलावर मांडले.

अध्यक्ष बाई चष्मा लावून एकेक बघू लागल्या. "हे फोटो खरे कशावरून? कुणी काढले?"

नीलेशचं नाव मी घेणार नव्हते. त्याला येऊ नको म्हणूनही सांगितलं होतं, नोकरीचा प्रश्न होता. तेवढ्यात मागचं दार उघडलं. कामाच्या निळ्या कपड्यात, हेल्मेट काखेत धरून नीलेश आत आला. अर्ध्या दिवसाची रजा टाकून तो बाहेरच्या बाकावर बसून सगळं ऐकत होता.

"मैंने निकाले, मॅडम," तो हिंदीत म्हणाला. "तेईस के तेईस होर्डिंग मैंने ही लगाए."

बाईंना हिंदी येत होती. "तुम्हें इस काम का पैसा मिला?"

"हां, मॅडम. हर महीने. छापनेवाले को मिला, लिफ्टवाले को मिला, जिसकी दीवार है उसको भी मिला." तो थांबला. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "बस जिसका चेहरा है, उसको नहीं मिला."

युसुफ सर रुवैसच्या त्या फोटोकडं बराच वेळ बघत होते. मग ते खुर्चीत मागं टेकले आणि म्हणाले, "माझ्या मुलीचा फोटो असता तर मी विचारलं असतं. यांनाही विचारायला हवं होतं."

निकाल जानेवारीत आला. लेखी परवानगीशिवाय कुठल्याही खेळाडूचा चेहरा किंवा नाव वापरायचं नाही, आणि वापरलं तर स्पॉन्सरच्या पैशातला वाटा त्या खेळाडूचा. मागच्या वापराचेही पैसे मिळाले. आईनं आकडा दिरहॅममध्ये वाचला, मग मोठ्यानं रुपये करून पुन्हा वाचला आणि खाली बसली. सतरा जणींपैकी एकीचीही स्कॉलरशिप गेली नाही. नीलेशला त्याच्या फोरमननं बोलावून घेतलं होतं, तेव्हा मी दिवसभर फोन हातात धरून होते. "खलास वाटलं," तो नंतर सांगत होता, "तर म्हणाले, पुढच्या वेळी रजेचा अर्ज आधी टाक."

फेब्रुवारीत शारजाच्या मैदानावर आंतरविद्यापीठ स्पर्धा होती. नीलेश पहिल्यांदाच मला खेळताना बघणार होता, इस्त्रीचा शर्ट घालून कुंपणाशी उभा. बाबाही आले होते, स्टँडमध्ये, फोन घेऊन.

पहिल्या दोन उड्या फाउल गेल्या. तिसरीला मी पट्टीच्या टोकाला उभी राहिले, कुणाकडंही बघितलं नाही आणि धावले. फळी बरोबर पायाखाली आली. हवेत गेले... आणि पहिल्यांदाच मला तिथं घाई वाटली नाही. वाळूत पडले, वळून बघितलं तर पांढरं निशाण वर होतं. पाच मीटर त्रेसष्ट. आजवरच्या माझ्या उडीपेक्षा वीतभर लांब. शेवटपर्यंत कुणी गाठू शकलं नाही.

पदक गळ्यात घालून, अंगभर वाळू तशीच ठेवून मी कुंपणाशी गेले.

"तुम्हाला इतके दिवस नुसतं हवेतच बघितलं होतं," नीलेश म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "अहो, खाली येताना तुम्ही किती..."

"नीलेश, ते 'अहो' आता पुरे."

"मग काय म्हणू?"

"ईश्वरी म्हण. 'अहो' कुणी कुणाला म्हणायचं ते नंतर बघू."

तो बघतच राहिला. "नंतर... म्हणजे?"

"म्हणजे माझी डिग्री झाल्यावर. मला तू आवडतोस. पुरावा हवा असेल तर रुवैसचा फोटो आहे माझ्याकडं."

त्यानं जाळीतून बोटं पुढं केली. मी त्यात माझी वाळूनं भरलेली बोटं गुंफली. "मला तर," तो हळू म्हणाला, "पहिला तुकडा चढवला तेव्हापासून. तोंड यायच्या आधीच."

"ईश्वरी," मागून बाबांचा आवाज आला. मी बोटं सोडवली नाहीत. बाबांनी ती बघितली, मग नीलेशला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"बाबा, हा नीलेश पाष्टे. कमिटीसमोर बोलला तो. आणि... मला आवडतो."

मैदानावर पुढच्या शर्यतीची नावं पुकारली जात होती.

"पाष्टे म्हणजे, गुहागरकडचे का?" शेवटी त्यांनी विचारलं.

"हो, काका. गुहागरच्या अलीकडं."

"अलीकडं म्हणजे नेमकं कुठं?"

नीलेश सांगू लागला, नदी, वळण, शाळा. बाबा मान डोलावत ऐकत होते. मराठी बाप गावाचा रस्ता विचारायला लागला, की तो जायचा विचार करतोय असं समजायचं.

"चला," बाबा म्हणाले, "छायाला सांगतो, जेवायला एक पान जास्त मांड."