वीज पडली, भोंगा गप्प

"वीज पडलीच न्हाई असं कसं म्हणायलात तुमी, काका? काल पडली ते चिंचेचं झाड अजून धुमसायलंय!"

शिवकन्येचा आवाज ग्रामपंचायतीबाहेर चावडीपर्यंत गेला असणार. सरपंच भुजंगराव मात्र चहा फुंकत होते. पडली असेल, पण लहान असेल, असं त्यांचं म्हणणं. मोठी असती तर यंत्रानं सांगितलंच असतं.

त्यांच्या डोक्यामागं पेपरातली बातमी प्लास्टिकमध्ये घालून लावली होती : 'वीज पडण्याआधी वीस मिनिटं वाजणार भोंगा!' तीन आठवड्यांपूर्वी ही बातमी आठवीतल्या शिवकन्येनं अख्ख्या गल्लीला मोठ्यानं वाचून दाखवली होती. ढगाच्या पोटातली वीज माणसाला आधी कळते म्हणजे काय! त्या आनंदात तिला दोन घास जास्त गेले होते. म्हणून तर आता राग दुप्पट होता.

आणि रागाखाली भीती होती. पूर्वी आभाळ काळवंडलं की बाया कापूस वेचायचं सोडून घर गाठायच्या. आता भोंग्याच्या भरवशावर खुशाल वेचत राहायच्या. तिची आई मनिषा त्यांत सगळ्यांत पुढं.

"आज तरी जाऊ नको," शिवकन्या सकाळीच म्हणाली होती.

"भोंगा वाजला की येते की. पेपरात आलंय, काय खोटं असंल?" असं म्हणत आईनं डबा उचलला होता.

पंचायतीत शिवकन्येबरोबर तिचा चुलतभाऊ योगीराज होता, आणि दिवाळीच्या सुट्टीत परभणीहून आलेला मावसभाऊ शंतनु. शंतनु इतका वेळ भांडणाकडं लक्ष न देता त्या बातमीतला फोटो बघत होता. पंचायतीच्या गच्चीवरचा खांब, खांबावर पांढरा डबा, हार, शेजारी हसणारे भुजंगराव.

"ताई, यंत्राच्या अंगावर हे काय आहे?"

शाल होती.

तिघांनी शिपाई भागवतमामांना गाठलं. मामांनी अभिमानानं सगळं सांगितलं. उद्घाटनाला पाहुण्यांचे सत्कार झाले, मग ज्याच्यासाठी पाहुणे आले ते यंत्रच कसं वगळायचं? नारळ पायाशी ठेवला, शाल वर पांघरली. वाऱ्यानं उडू नये म्हणून मामांनी स्वतः ती तारेनं आवळली. आता पुढच्या आठवड्यात आमदारसाहेब येणार, तोवर ही मानाची शाल उतरवायची नाही, असा सरपंचांचा हुकूम.

"मामा, शालीखाली काळी काच आहे ना?" शंतनुनं विचारलं. "ती उन्हावर वीज बनवते. यंत्र तिच्यावरच चालतं."

"म्हंजे पांघरूण घालून निजवलंय त्याला," योगीराज म्हणाला.

शिवकन्या हसली नाही. ती तडक सरपंचांकडं गेली आणि सगळं समजावून सांगितलं. लाखाची वस्तू आहे, पोरांनी तिकडं फिरकायचं नाही, एवढंच उत्तर मिळालं. बाहेर येऊन ती पायरीवर बसली. रागानं तिचे कान लाल झाले होते.

तेव्हा योगीराज आत गेला. फार गरीब चेहरा करून त्यानं सांगितलं, की शालीवर कबुतरांनी लय घाण केलीय. आमदारसाहेबांच्या फोटोत ती सरपंचांच्या बरोबर डोक्यावर येईल. तेवढी धुऊन आणू का?

ही गोष्ट मात्र भुजंगरावांना लगेच पटली. त्यांनी भागवतमामांना जिन्याचं कुलूप काढायला लावलं आणि संध्याकाळच्या आत शाल वाळवून परत बांधायला बजावलं.

दहा वाजता शाल उतरली. शंतनुनं ओल्या फडक्यानं काच लख्ख पुसली. ऊन रणरणत होतं. बारा वाजले, एक वाजला, डब्यावरचा दिवा काही लागेना. शिवकन्या गच्चीवरून हलायला तयार नव्हती. दोनच्या सुमारास हिरवा ठिपका लुकलुकला. पूर्णा नदीच्या बाजूनं आभाळही भरून यायला लागलं होतं.

आणि भोंगा वाजला. असा कर्कश, की कोंबड्या पळाल्या, भागवतमामा पायरी चुकले, आणि शिवारातल्या बाया कापसाच्या ओट्या सावरत शाळेच्या पक्क्या इमारतीकडं धावल्या. शिवकन्या गच्चीवरून शाळेच्या व्हरांड्यात धावली आणि एकेक तोंड बघू लागली. आई सर्वांत शेवटी आली. ती आत आली, थोड्या वेळात डोळे दिपले आणि कडाड आवाजानं खिडक्या थरारल्या. बाया वेचत होत्या त्याच कापसात वीज पडली होती.

भुजंगराव छाती काढून आले. बघा, आणलं का नाही मी यंत्र, असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. पण शिवकन्येनं ते पुरं होऊ दिलं नाही. तिनं सगळ्या बायांदेखत शाल, तार, आमदार, सगळं सांगून टाकलं. म्हाताऱ्या धुरपताबाई पुढं होऊन म्हणाल्या, "भुजंगा, तीन आठवडे आमी तुज्या भरवशावर रानात होतो रं."

सरपंचांनी मान खाली घातली. उद्यापासून सकाळी दिवा बघायचं काम या पोरांचं, असं ते पुटपुटले, आणि पोरांनी गाव वाचवलं हेही म्हणाले.

शिवकन्येचा राग मात्र अजून शिल्लक होता. ती आईकडं वळली. "आणि तू? पेपरात आलं म्हणून आभाळाकडं बघायचंच सोडलंस?"

मनिषानं केसांतला कापूस झटकला.

"सोडलं होतं," ती म्हणाली. "बरं झालं, तू तरी बघायलीस."