सोळांतली एक

सन २०७३ मध्ये बाळासाठी बीजांड तयार करून घेणं ही नवा चष्मा करून घेण्याइतकी साधी गोष्ट झाली होती. कातडीच्या पेशीपासून एक मूळ पेशी बनवायची, ती चार वेळा दुभंगू द्यायची, की सोळा बहिणी तयार. त्यांतली एक बीजांड होते. उरलेल्या पंधरा, ज्यांना पोषक पेशी म्हणत, आपल्या पोटातलं सगळं तिच्यात ओततात आणि मरतात. ही युक्ती माणसाची नव्हे. पिकल्या केळ्यांवर घोंगावणारी चिलटं ती कोट्यवधी वर्षं करत आली आहेत. माणसाने ती फक्त उचलली, तीही आभार न मानता.

मरण्याचा इशारा मात्र बाहेरून द्यावा लागे, एक बटण दाबून. कायद्याने ते होणाऱ्या आईने किंवा तिच्या रक्ताच्या माणसाने दाबायचं. या सोपस्काराला सगळे 'पाठवणी' म्हणत.

मैथिलीताई त्या बटणासमोर तासभर नुसती बसून होती. वय एकावन्न. आधीच्या दोन खेपा वाया गेल्या होत्या आणि ही शेवटची होती.

"ताई, चार वाजेपर्यंतच वेळ आहे," डॉ. ऋजुता म्हणाली. ती या केंद्राची प्रमुख, आणि ताईची धाकटी बहीण. "पंधराजणींनी सगळं ओतून दिलंय. आता त्या तशाच राहिल्या तर सडतील, आणि बीजांडही नासवतील."

"सोळाजणी सारख्याच होत्या ना गं?"

"अगदी सारख्या."

"मग हीच का?"

"पहिल्या वाटणीत हिला एक धागा जरा जास्त मिळाला. एवढंच. हुशारी नाही की पुण्याई नाही."

"आणि त्या पंधराजणींना कोणी विचारलं?"

ऋजुता हसणार होती. पेशींना काय विचारायचं! शेकडो बायकांना तिने हे हसत हसत समजावलं होतं. पण तिचं लक्ष ताईच्या हातांकडे गेलं. वडील गेले तेव्हा ताई दहावीत होती. शाळा सोडून तिने खानावळ काढली, तव्यावर बोटं भाजून घेतली आणि ऋजुताला डॉक्टर केलं. स्वतः लग्नाला उभी राहिली ती अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. हे सगळं ऋजुताला ठाऊक होतं, पण आजवर तिने ते एकदाही बोलून दाखवलं नव्हतं. तिला लाज वाटली.

"तूच दाब," ताई म्हणाली. "मला नाही जमायचं. मी त्यांच्यातली आहे."

चाराला सात मिनिटं होती. ऋजुताने बोट बटणावर ठेवलं, पण ते दाबवेना. तिचे डोळे भरून आले. "ताई, मी तुला कधी विचारलंच नाही गं."

"वेडी आहेस. नऊ वर्षांची होतीस तू." ताईने आपला खरखरीत हात तिच्या हातावर ठेवला. "दाब. माझं बाळ अडकलंय तिथे. मला तेव्हा काही वाईट नव्हतं वाटलं."

दोघींनी मिळून बटण दाबलं. पडद्यावरचे पंधरा ठिपके एकेक करून विझू लागले. सोळावा टपोरा होऊन शांत तेवत राहिला.

शेवटचा ठिपका विझेपर्यंत ताई बघत होती. मग हळूच म्हणाली, "थोडं वाटलं होतं."