सतरा नंबरचा शिक्का

दोन हजार चार सालची खंडेनवमी. सकाळीच अंघोळ उरकून गोटीराम सातपूरला कुसाबाईंकडं गेला.

"वहिनी, भिमाजींचा शिक्का द्या. हत्यारांच्या पूजेत मांडतो, त्यांची आठवण म्हणून."

ताकाला जाऊन भांडं लपवायचं ते असं. बिचारीनं देवघरातून काढून दिला.

भिमाजी हे तिचे मालक, मोटारीच्या कारखान्यात तपासनीस. गोटीराम तिथंच त्यांच्या हाताखाली शिकलेला. भिमाजी प्रत्येक भागावर रॉकेलचा बोळा फिरवायचे, कोरडा पुसून वर खडूची पूड फासायचे आणि वाट बघायचे. कुठं तडा असला, की आत मुरलेलं रॉकेल पांढऱ्यावर काळी रेघ होऊन उमटायचं. रेघ दिसली नाही, तरच पोलादी शिक्क्यानं गोलातला सतरा आकडा ठोकायचे. शिक्का म्हणजे माणसाचा शब्द. माणूस गेला की चार जणांसमोर त्याच्या शिक्क्याचं तोंड घासून टाकायची तिथं रीत होती. भिमाजी मात्र कामावर असतानाच वारले आणि शिक्का त्यांच्या खिशातून तसाच घरी आला.

पुढं कारखाना बंद पडला. गोटीराम अंबडच्या गाळ्यात लोकांच्या जुन्या मोटारी पुन्हा उभ्या करू लागला. मुंबईच्या एका शेटची, त्या कारखान्यातच बनलेली पन्नास सालची गाडी दसऱ्याच्या प्रदर्शनात जायची होती. परीक्षक खाली वाकून कारखान्याच्या तपासनिसाची खूण बघतात, सगळं अस्सल पाहिजे, असं शेटनं बजावलेलं. मालेगावच्या भंगारात गोटीरामला त्याच कारखान्याचा स्टिअरिंगचा आर्म मिळाला. चाकं वळवायची ती त्याच्याच जोरावर. सगळं ठीक, फक्त त्यावर खूण नव्हती. का नसेल बरं? एवढा साधा प्रश्न त्या शहाण्याला पडला नाही.

खंडेनवमीला हत्याराला झेंडू वाहायचा, त्याला कामाला लावायचं नाही. हे गोटीरामला काय माहीत नव्हतं? तरी त्यानं पूजेतला शिक्का हळदीकुंकवासकट उचलला आणि आर्मवर धरून एक घाव घातला. तपासलं काही नाही. चाळीस वर्षं हात काळे केलेत, नुसत्या नजरेनं कळतं म्हणे.

त्याच्या मुलानं, महेशनं, आर्म बसवला आणि दुपारी गाडी मुंबईकडं काढली. वाटेत कसारा घाट.

"सावकाश जा रे."

"बाबा, पन्नासच्या वर पळतच नाही ही."

सुटीमुळं आजूबाजूचे सगळे गाळे चिडीचूप. चारच्या सुमाराला वीज गेली. अर्ध्या ओढलेल्या शटरखालून जेमतेम उजेड येत होता. गोटीराम पाट उचलायला वाकला आणि त्याला रॉकेलचा वास आला. गाळ्यात रॉकेल ठेवलेलंच नव्हतं.

मग आवाज आला. मांडणीवरचा एकेक भाग कुणीतरी उचलून परत ठेवत होतं. एक… मग दुसरा… अजिबात घाई नाही.

"कोण आहे?"

आवाज थांबला. गोटीरामनं टॉर्च लावला. मांडणीवरचे सगळे भाग पांढरे, खडू फासलेले. एकावरही रेघ नाही. पण सकाळी जिथं आर्म ठेवला होता, तिथं टेबलावर खडूचा नुसता आकार होता, हुबेहूब आर्मचा. त्यावर आडवी काळी रेघ. ओली. त्याच्या डोळ्यांदेखत ती लांबत चालली होती.

त्याची पाचावर धारण बसली. पोटच्या पोराच्या हातात आपणच मरण दिलं, हे त्याला तेव्हा कळलं. त्यानं महेशला मोबाइल लावला. किती तरी वेळ नुसती घंटी वाजत राहिली.

"बाबा… मी ठीक आहे. घाटाच्या तोंडाशी एका म्हाताऱ्यानं हात केला. खाकी डगला, बोटं पांढरीफटक. म्हणाले, आर्म खोल. खोलला, तर हातातच दोन तुकडे झाले, बाबा."

गोटीरामचा जीव भांड्यात पडला. तो ढसाढसा रडायला लागला. "दे त्यांना फोन. पाया पडतो मी त्यांच्या."

"ते गेले." महेशचा आवाज खाली आला. "म्हणाले, माल तपासून झाला… आता शिक्का मारणाऱ्याला तपासायचंय."

"कधी… कधी गेले?"

"तुमचा फोन वाजला तेव्हा."

गोटीरामनं मागं वळून बघितलं नाही. त्याच्या मानेवरून रॉकेलचा गार बोळा फिरला, सावकाश, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत. मग कुणीतरी हलक्या हातानं वर खडूची पूड फासली आणि वाट बघत थांबलं.