नकाशातला पूल

बाबांची लोकरीची शाल शोधायला ती माळ्यावर चढली आणि शालीऐवजी हाताला लागली पत्र्याची एक नळी. आत गुंडाळलेला नकाशा होता.

आता हा नकाशा दुसऱ्या कुणाला सापडता तर त्याने तो होता तसा ठेवून दिला असता. पण तिचं पोटच कागदावर चालायचं. एका संग्रहालयाच्या तळघरात बसून ती वीस वर्षं जुने कागद दुरुस्त करत आली होती. हातांना कायम कागद चिकटवायच्या खळीचा वास, म्हणून तिथली मंडळी तिला खळताई म्हणत. फाटका कागद दिसला की तिच्या बोटांना चैन पडत नसे.

तिने तो जेवणाच्या टेबलावर पसरला. डोंगरातल्या एका देवस्थानाच्या वाटेचं रंगीत चित्र होतं ते, साठेक वर्षांपूर्वी छापलेलं. यात्रेकरू पायथ्याशी विकत घ्यायचे आणि घरी भिंतीवर लावायचे, त्यातलं. चित्रकाराला खऱ्या अंतराशी काही देणंघेणं नव्हतं. शिखरावरचं देऊळ निम्म्या डोंगराएवढं, धर्मशाळा काडेपेटीएवढ्या, आणि वळणावळणाच्या वाटेवर काठ्या टेकत चाललेली मुंगीएवढी माणसं. मध्ये निळी नदी. आणि नदीवर जिथे पूल असायला हवा, तिथे भोक.

तिने भिंग लावलं. कागद फाटला की कडेला तंतू सुटतात. इथे एकही तंतू सुटलेला नव्हता. पट्टी धरून, ब्लेड फिरवून कुणीतरी तेवढा पूल नेमका कापून काढला होता.

बाबांना ब्याऐंशी वर्षं पूर्ण झाली होती आणि त्यांची आठवण दिवसेंदिवस झिजत चालली होती. आई गेल्याचं ते विसरत. सकाळचं खाणं दुपारी विसरत. गेल्या महिन्यात तर तिच्याकडे बघून अगदी आदराने म्हणाले होते, "आपण कोण?" त्या दिवशी ती नळ सोडून स्वयंपाकघरात रडली होती. आई गेली तेव्हाही ती इतकी रडली नव्हती. डॉक्टर म्हणाले होते, जुन्या वस्तू दाखवत जा. म्हणून तिने एक आठवड्याची रजा टाकली आणि बाबांची खुर्ची नकाशापाशी ओढली.

बाबांनी बोट ठेवलं ते थेट वाटेवर.

"ही पहिली धर्मशाळा. इथे दादाने माझे मोजे चुलीवर वाळवले होते. एक जळला."

ती बघतच राहिली. बाबांना एक मोठा भाऊ होता, दोघं तरुणपणी त्या यात्रेला गेले होते आणि काका परत आला नाही, एवढंच तिला माहीत होतं. यापलीकडे घरात कुणी कधी अवाक्षर काढलं नव्हतं. बाबांचं बोट सरकत सरकत नदीपाशी आलं आणि भोकात अडकलं.

"पूल कुठे गेला?" त्यांचा आवाज कापरा झाला. "दादा पलीकडेच राहील गं, बाळ."

बाळ. तिला ओळखलं होतं त्यांनी.

तिला काम शिकवणारे सर एक गोष्ट घोटून घोटून सांगायचे. कागद सांधायचा, चित्र नाही. गेलंय ते गेलेलं दिसू द्यायचं. रिकाम्या जागी मागून कोरा कागद लावायचा, आजूबाजूशी जुळेल असा फिकट रंग द्यायचा आणि हात आवरायचा. वीस वर्षांत तिने हा नियम एकदाही मोडला नव्हता. त्या दुपारी मोडला. मागून ठिगळ लावलं, खळ सुकू दिली आणि बारीक कुंचल्याने दोन दोर, फळ्या, दोन्ही काठांवर एकेक खांब असा पूल काढला. बाबा शेजारी बसून मान डोलवत होते. तिला फार फार बरं वाटलं.

भुतंखेतं रात्री येतात म्हणे. येत असतील. हे मात्र दुसऱ्या दिवशी, सोमवारी, दुपारी चारला सुरू झालं, गॅसवर चहा उकळत असताना. खालून, जणू इमारतीच्या पायाखालून, आवाज आला. टण्... टण्... दगडावर काठीचं लोखंडी टोक टेकावं तसा. खोलीत ओल्या लोकरीचा वास पसरला. बाहेर लख्ख ऊन होतं.

"पूल ओलांडला त्याने," बाबा शांतपणे म्हणाले. त्यांचं बोट अलीकडच्या खांबावर होतं.

मंगळवारी आवाज तळमजल्यावरून आला. बाबांचं बोट एका धर्मशाळेवर. बुधवारी पहिल्या मजल्यावरून, बोट आणखी खाली. त्याच संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या वकीलबाई दारात आल्या.

"राग मानू नका, पण बाबांच्या काठीला रबर बसवा ना. दुपारी डोळा लागत नाही हो."

तिने कोपऱ्यातली काठी उचलून दाखवली. खाली जाड काळं रबर होतं. बाबा घसरू नयेत म्हणून तिनेच ते गेल्या वर्षी बसवलं होतं. वकीलबाईंनी रबराकडे पाहिलं, मग जिन्याकडे पाहिलं, आणि "मग असू दे" म्हणून त्या लगबगीने खाली गेल्या.

खरं सांगायचं तर तिला आवाजाची भीती वाटत होती, पण त्याहून लोभ मोठा होता. बाबांना रोज थोडं थोडं आठवत होतं. तिची शाळा आठवली, आईचं हसणं आठवलं, आई नाही हेही आठवलं. गुरुवारी आवाज दुसऱ्या मजल्यावर, वकीलबाईंच्या दारापर्यंत आला आणि बाबांना उरलेलंही आठवलं. त्यांनी तिचं मनगट धरलं. हात बर्फासारखा होता.

"त्या पुलावरून एका वेळी एकानेच जायचं," ते म्हणाले. "पलीकडे पोचलं की खांबावर काठी आपटायची. दोनदा लागोपाठ, मग थांबून एकदा. म्हणजे दोर धड आहे, आता तू ये."

"बाबा, राहू दे..."

"परतताना मी आधी गेलो. पोचल्यावर बघितलं, दोर उसवला होता. दोन पीळ तुटलेले. आणि धुकं असं की स्वतःचा हात दिसेना. मला एकट्याला तिथे भीती वाटली गं." ते थांबले. "मी काठी आपटली. दोनदा लागोपाठ, मग थांबून एकदा."

तिने त्यांच्या गार हातावर आपला दुसरा हात ठेवला.

"लग्नानंतर नकाशा भिंतीवर लावला होता. तेव्हाही तो आला होता. जिन्यापर्यंत. तुझ्या आईने ब्लेड घेतलं आणि..."

पूल कुणी कापला ते तिला आता कळलं. तिने टेबलाकडे पाहिलं. तिने काढलेला पूल इतका सफाईदार होता की कुठे जुनं संपतं आणि कुठे नवं सुरू होतं ते तिलाही सांगता आलं नसतं.

"आत्ताच कापते," ती उठली.

"नको." मनगटावरची पकड सुटेना. "फार वर्षं उभा आहे तो. मला सांगू दे त्याला."

तिने ऐकलं. आयुष्यभर बाबांचं ऐकत आली होती, आणि आता कुठे ते तिला नावानिशी ओळखत होते.

शुक्रवारी चार वाजता तिने दाराला कडी घातली, वर साखळी लावली. बाबा काठी धरून खुर्चीत बसले होते, तोंड दाराकडे. ओल्या लोकरीचा वास इतका दाट झाला की श्वास घेववेना. जिन्यावर टण्... टण्... मग दारापाशी सगळं थांबलं.

टण् टण्.

...टण्.

"पोचला," बाबा पुटपुटले. "आता माझी पाळी."

ते उठायला लागले. गेली दोन वर्षं आधाराशिवाय न उठणारे बाबा.

"बाबा, नका ना... बाबा!"

तिने टेबलावरचं पातं उचललं आणि पट्टीबिट्टी न लावता पूल कापून काढला. कड वेडीवाकडी आली. तुकडा सुटला त्या क्षणी वास गेला, आवाज गेला. बाहेर कुणाच्या तरी रेडिओवर बातम्या लागल्या होत्या. ती वळली. बाबा खुर्चीत बसलेले होते, डोळे दाराकडे, उघडे. साखळी जागच्या जागी होती.

माणसं जमली. वकीलबाईंनी तिला जवळ घेतलं. "बसल्या जागी गेले, सोनं झालं हो," सगळे म्हणाले. ती मान हलवत राहिली. पूल कापला तेव्हा बाबा त्याच्या कुठल्या टोकाला होते, हे ती कुणाला विचारणार होती?

आवराआवर करताना एकच वस्तू सापडली नाही. काठी. पलंगाखाली पाहिलं, दारामागे पाहिलं, माळाही पाहिला. दोन खोल्यांच्या घरात काठी हरवते कुठे?

तेराव्या दिवसानंतरच्या सोमवारी, दुपारी चारला, ती नकाशासमोर बसली होती. ठिगळ लावून झालं होतं, कोरं. आता फिकट रंग द्यायचा आणि हात आवरायचा. कुंचला पाण्यात बुडवला आणि पायाखालच्या फरशीतून, खोल खालून, आवाज आला.

लोखंडाचा नव्हता. बोथट होता, दबका. रबराचा.

दोनदा लागोपाठ. मग थांबून एकदा.

दोर धड आहे, आता तू ये. बाबांनी ही खूण आधीही एकदा दिली होती. तिने कुंचला खाली ठेवायला हवा होता. पण तिकडे धुकं असेल आणि बाबांना एकट्याने भीती वाटते, एवढंच तिच्या मनात आलं, आणि कुंचला कागदाला टेकला तेव्हा पहिला दोर आधीच अर्ध्यावर आला होता.