शोभेची मडकी

मी उमरग्यात हायवेला पंक्चर काढतो. छिद्र शोधायचं आणि बुजवायचं, एवढंच काम आयुष्यभर केलं. घर सजवायचं कधी डोक्यात आलं नाही. ते बघायला माझी बायको होती, जगदेवी. ती पौषात गेली.

चैत्रात बसवकल्याणहून विहीणबाईंचा, शांताक्कांचा फोन आला. माझी मुलगी शिवप्रिया त्यांची सून. तिला सातवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं, असं तिच्या मनात होतं. माझ्याही.

"घरात बाईमाणूस नाही," शांताक्का म्हणाल्या. "पोरीला बघायचं कुणी? मी येऊन घर बघते, मग ठरवते."

घर म्हणजे दोन खोल्या आणि पुढं ओसरी. जगदेवी गेल्यापासून भिंतींकडं मी बघितलंच नव्हतं. शिवप्रियानं मोबाईलवर एक व्हिडिओ पाठवला. मातीची मडकी रंगवून, त्यात वाळलेली कणसं खोचून कोपऱ्यात मांडलेली.

"अप्पा, एवढं केलं तरी घर भरल्यासारखं वाटंल. खर्च न्हाय काई."

कुंभाराच्या घरामागं भट्टीत तडकलेल्या मडक्यांचा ढीग असतो. मी त्यातली निवडायला लागलो तसा कुंभार हसला.

"मालक, त्यात थेंब राहायचा न्हाय."

"पाण्याला कुठं पाहिजेत? शोभेला."

"मग न्या की. माझा उकिरडा, तुमची शोभा."

पोत्यात भरून आणली. गेरूचा हात दिला, चुन्याचे ठिपके काढले, गळ्याला सुतळी गुंडाळली. ज्वारीची कणसं आणि कापसाची बोंडं खोचली. ओसरीत, खिडकीत, कपाटावर मांडली. शेजारच्या नागम्मा दारातून बघत म्हणाल्या, "अण्णा, रिकामी भांडी मांडलीत व्हय घरभर? जगदेवी असती तर रागं भरली असती."

खरं होतं. आमच्या भागात नळाचा नेम नाही. तो आला की जगदेवी वाट्यासुद्धा भरून ठेवायची. रिकामं भांडं दिसलं की तिला चैन पडत नसे.

दुसऱ्या सकाळी खिडकीतली कणसं काळपट दिसली. उपसून बघितली तर देठं ओली. मडक्यात बोटभर पाणी होतं. कुणीतरी खिडकीतून ओतलं असेल, असं समजून मी ते टाकून दिलं.

त्यानंतर ओसरीतलं मडकं अर्धं भरलेलं सापडलं. मग सगळीच भरायला लागली, गळ्यापर्यंत. कणसं बाहेर काढून भिंतीला नीट टेकवलेली असायची. नळ आलेला नव्हता. टाकीतलं पाणी होतं तेवढंच होतं.

एक मडकं मी दुकानात नेलं. ट्यूब बुडवायच्या टबात पालथं दाबलं. तड्यातून बुडबुडे सरळ वर आले. फट आरपार होती. तेच मडकं घरी आणून भरलं. थेंब गळला नाही. बाहेरून हात फिरवला. कोरडं.

"नागम्मा, तुम्ही भरता का?"

"माझंच भरंना, तुमचं कुठून भरू?" त्या हसल्या. मग आत वाकून बघितलं आणि हसायच्या थांबल्या. त्यानंतर त्या उंबऱ्याच्या आत आल्या नाहीत.

मडकी टाकून द्यावीत असं वाटलं. पण शांताक्का यायच्या होत्या. आणि घरात कुणीतरी वावरतंय असं वाटायचं, ते मला सोडवत नव्हतं.

शांताक्का आल्या. बोलल्या कमी, बघितलं जास्त. ओसरीतल्या मडक्यात तांब्या बुडवून पाणी प्याल्या.

"गार आहे. कोण भरतं एवढं?"

"मीच."

"बाप्याच्या हातचं वाटत न्हाय." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "ठीक आहे. पाठवते पोरीला."

शिवप्रिया आली आणि त्या दिवसापासून मडकी कोरडी पडली. मी कणसं परत खोचली. जीव भांड्यात पडला. थोडं वाईटही वाटलं.

एका सकाळी दार उघडलं तर अंगणात तीन दगडांवर एक मडकं. आपलंच, गेरूचं. गळ्यापर्यंत पाणी. वाफ येत होती. खाली राख नव्हती. दगड थंड होते.

आंघोळीचं पाणी आम्ही घरात तापवतो. अंगणात दगड मांडून तापवतात ते फक्त मेलेल्या माणसाला घालायला. जगदेवीला नेण्याआधी तिचं पाणी तिथंच तापवलं होतं.

मी ते नालीत ओतलं. शिवप्रिया झोपेतून उठायच्या आत सगळी मडकी पोत्यात भरून कुंभाराच्या ढिगावर टाकून आलो. तिला म्हणालो, ओल धरायला लागली होती.

दुसऱ्या दिवशी मला उठायला उशीर झाला.

दार उघडं होतं. अंगणात दगडांवर मडकं होतं. हात लावला. गरम.

आत पाणी नव्हतं.

शिवप्रिया केस पुसत न्हाणीतून बाहेर आली.

"अप्पा, पाणी बाहेर कशाला ठेवलं? मीच नेलं बादलीत ओतून. लई बरं वाटलं बघा."

तिनं पोटावर हात ठेवला.

"रात्रभर लाथा मारत व्हतं हे. आंघोळ केली अन् कसं गप झालं."