मापासाठी एक वाटी

फोटो १

मे महिना. ढग खाली उतरलेले. शेत हिरवं... पण नेमकं कुठलं हिरवं?

मी फोटो मोठा केला. आणखी मोठा. रोपांच्या बुडाशी काहीतरी चमकत होतं. स्टीलची वाटी! आणि तिच्या काठाखाली, ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं —

चि. अनिमेष याच्या मुंजीनिमित्त सप्रेम भेट.

हूफडॉर्प या डच गावातल्या आमच्या ऑफिसच्या चौथ्या मजल्यावर, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, मी खुर्चीतून उठून उभी राहिले. शेजारच्या मारलीनने विचारलं, "काय झालं, नीरजा?"

"वाटी," मी म्हणाले. मराठीतच.

माझं काम असं. उपग्रह दर थोड्या दिवसांनी साऱ्या देशातल्या शेतांचे फोटो काढतो. शेतकऱ्याने जे पेरलं म्हणून कळवलं तेच तिथे आहे का, हे कॉम्प्युटर बघतो. असेल तर हिरवा. शंका असेल तर पिवळा. नसेल तर लाल. पिवळा-लाल आला की शेतकऱ्याच्या फोनवर नोटीस जाते : चौदा दिवसांत स्वतः फोटो काढून पाठवा. क्षितिज दिसू दे, रोप जवळून दिसू दे, आणि मापासाठी शेजारी ओळखीची एखादी वस्तू ठेवा. लोक पेन ठेवतात, चाव्या ठेवतात. एकाने लाकडी बूट ठेवला होता. मग ते फोटो माझ्याकडे येतात आणि शेवटचा रंग मी ठरवते. माती, पाणी, पाखरं यांना जपून शेती करणाऱ्याला युरोपची मदत मिळावी, न करणाऱ्याला कमी... ते सगळं त्या रंगावर.

ऐकायला मोठं वाटतं. प्रत्यक्षात दिवसाला साठ शेतं, आणि टेबलाखाली सतत हलणारा माझा उजवा पाय. तीन वर्षांत मी चार घरं बदलली होती. कुठे बसवत नव्हतं.

फोटोखाली शेऱ्याची चौकट असते. तिथे डचमध्ये लिहायचं असतं. मी लिहिलं :

अनिमेष, दिशा चुकली आहे. उत्तरेकडे तोंड करून पुन्हा फोटो पाठवा.

मराठीत. सरकारी नोंदीत. का? माहीत नाही. बोटं चालली. खाली माझं नाव आपोआप उमटलं.


फोटो २

उत्तरेकडे तोंड. क्षितिज सरळ. वाटी तीच, आत वाटाण्याच्या चार शेंगा.

खाली उत्तर :

बाई, अनिमेषची मुंज होऊन पंचवीस वर्षं झाली. तो नागपुरात दातांचा डॉक्टर आहे. मी निहार. ही वाटी आमच्याकडे कशी आली ते आईलाही आठवत नाही. कुठल्या मराठी घरातल्या भांड्यांवर त्याच घराचं नाव असतं, सांगा बरं?

मी हसले. जोरात. मारलीनने पुन्हा मान वर केली.

खरंच होतं की! आमच्या घरी साताऱ्याला कोणा शकूच्या बारशाचं पातेलं होतं. शकू कोण, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

मी लिहिलं : शेतात काय आहे नक्की? कॉम्प्युटर म्हणतो, तण.

उत्तर : कॉम्प्युटरला सांगा, बार्लीत वाटाणा आहे. एकाच वाफ्यात, मुद्दाम. वाटाणा मातीला नत्र देतो, बार्ली वाटाण्याला आधार देते. आपल्याकडे बाजरीत मटकी टाकतात तसंच. इथे त्याला प्रयोग म्हणतात आणि माझी पीएचडी होते.

मग त्याने एक ओळ आणखी लिहिली होती, ती मी दुपारभर डोक्यात घेऊन फिरले —

शेकडो एकरांवर नुसता मका लावणारा तुमच्या सिग्नलवरून सुसाट जातो. आणि तुमची योजना सांगते ते सगळं करणारे आमचे गेरिटकाका, या शेताचे मालक, लाल दिव्याला उभे.

पुरावा स्पष्ट होता. शेंगा, कणसं, क्षितिज. मी रंग बदलला. हिरवा. फाईल बंद.

बंद फाईलच्या माणसाला भेटायला नियमाची हरकत नसते. मी नियम वाचला. दोनदा.


फोटो ३ (हा पोर्टलवर नाही, माझ्या फोनमध्ये आहे)

एडे-वाखनिंगन, निहारच्या विद्यापीठाजवळचं स्टेशन. सायकलींच्या रांगा. एका सायकलला टेकून उभा असलेला उंच, उन्हाने रापलेला मुलगा. हातात वाटी.

"ओळख पटावी म्हणून आणली," तो म्हणाला.

"फोटो पाठवला असतात तरी चाललं असतं."

"क्षितिज लागतं ना तुम्हाला... इथे गर्दीत कुठून आणू?"

"मला काहीच लागत नाही. आज शनिवार आहे."

"मग 'तुम्ही' कशाला? 'तू' म्हण की. मुंजीची भांडी मध्ये आली, आता काय परकेपणा!"

मी सायकलवर बसले. भाड्याची, निळी. तो वाऱ्याच्या बाजूने चालवत होता, मला वारा लागू नये म्हणून. हे माझ्या बऱ्याच उशिरा लक्षात आलं — तेव्हा मी उगाच पेडल जोरात मारलं.

"एवढी घाई कसली?" तो मागून ओरडला.

"माझा स्वभावच आहे!"

"शेत कुठे पळत नाही!"

"मी पळते!"

गेरिट बांधावर बसून कॉफी पीत होते. साठीच्या पुढचे, गुडघ्यापर्यंत बूट. मूल नाही, बायको गेली. नदीच्या कडेला अकरा हेक्टर जमीन. शेजारच्या मोठ्या शेतकऱ्याने ती भाड्याने मागितली होती, मक्यासाठी. या वर्षी मदत मिळाली तर गेरिट नाही म्हणणार होते. नाही मिळाली तर हो. आणि हो म्हणाले, की निहारची चार वर्षांची माती, वाटाणा, बार्ली... सगळं मक्याखाली.

गेरिटनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "ही का तुझी आकाशातली बाई?"

"माझी नाही अजून," निहार डचमध्ये म्हणाला. त्याला वाटलं, मला इतकं डच येत नाही.

मी वाटाण्याची शेंग सोलत राहिले. दाणे मोजत राहिले. सात. कान तापलेले.

पुढचे चार शनिवार मी गेले. शेंगा सोलल्या, पावसात भिजले, त्याच्या खोलीत त्याने केलेली उसळ खाल्ली — मीठ जास्त. "जास्त झालं ना?" "नाही... थोडं." "खरं सांग." "खूप." "तपासनीस!" तो म्हणाला आणि माझ्या गालाला लागलेली कोथिंबीर बोटाने काढली. बोट जरा जास्तच वेळ तिथे राहिलं.

तो मातीबद्दल बोलायचा. मी ऐकायचे आणि — गंमत म्हणजे — माझा पाय हलायचा थांबायचा.


फोटो ४

लाल.

जूनचा शेवट. बांधालगतच्या फुलांच्या पट्ट्यावर कॉम्प्युटरने लाल खूण केली. मधमाश्यांसाठी पेरलेला पट्टा, गेरिटच्या सोन्याच्या दर्जाचा मुख्य आधार. या मदतीला तीन दर्जे आहेत : सोनं, चांदी, कांस्य. पट्टा गेला की सोनं गेलं. आणि ज्याने आधी फाईल पाहिली त्याच्याकडेच ती परत येते.

निहारचा फोटो : अर्धा पट्टा उघडा. चिखल, पिसं, रानहंसांची विष्ठा. वाटी मध्यभागी, रिकामी.

शेरा नव्हता.

त्या शनिवारी बांधावर उभे राहिलो. हंस नदीवर, शहाण्यासारखे, ओळीने.

"तीन दिवसांत खाल्लं," निहार म्हणाला. "पेरलं होतं ग. तू पाहिलंयस."

"पाहिलंय."

"मग..." तो थांबला. बुटाच्या टोकाने माती उकरली. "तू ते हिरवं करू शकतेस ना?"

वारा. हंसांचा कलकलाट.

"काय म्हणालास?"

"काही नाही. गंमत केली."

"नाही केलीस."

"...नाही केली." त्याने मान फिरवली. "सॉरी. मला नव्हतं विचारायचं. पण दुसरं कोणी असेल तर तो फक्त चिखल बघेल, नीरजा. तुला तरी माहीत आहे खाली काय आहे."

मला माहीत होतं. तोच तर घोटाळा होता.

परतीच्या गाडीत मी उभीच राहिले. जागा होती. बसवलं नाही.


फोटो ५ (दुसऱ्याच माणसाचा)

सोमवारी मी जुन्या फाईली उघडल्या. का? हिरवं करायला आधार शोधत होते, खोटं कशाला बोलू. हंसांनी खाल्लेलं मी पूर्वी मान्य केलंय का, तेवढंच बघायचं होतं.

सापडली एक. झीलंड प्रांत. कांद्याचं शेत, बाजूला फुलांचा पट्टा. तीन आठवड्यांपूर्वीची. फोटोत चिखल. पिसं. विष्ठा. मापासाठी एक पेन. शेऱ्यात शेतकऱ्याने लिहिलं होतं : हंस आले होते.

मी केलेला रंग : लाल. लागलेला वेळ : चाळीस सेकंद.

मी तो फोटो मोठा केला. मग आणखी मोठा. पिसं तशीच, पांढरी-करडी. त्या माणसाची माझी ओळख नव्हती. त्याच्या फोटोत वाटी नव्हती. एवढाच फरक.

गेरिटचं हिरवं केलं तर याचं काय? आणि लाल ठेवलं तर... निहारचं काय?

मी पाणी प्यायला उठले. बसले. पुन्हा उठले. खिडकीतून विमान उतरताना दिसलं, मग दुसरं. मारलीन म्हणाली, "तू गालिचा झिजवणार आहेस."

"मारलीन, एखाद्या शेतकऱ्याला आपण ओळखत असलो तर काय करायचं?"

"फॉर्म आहे," ती म्हणाली. इथे सगळ्याला फॉर्म असतो. "फाईल दुसऱ्याकडे जाते. बहुतेक माझ्याकडे." मग चष्म्यावरून बघत, "किती ओळखतेस?"

मी फॉर्म उघडला.


फॉर्म

तपासनीसाचं नाव : नीरजा

अर्जदाराशी किंवा त्याच्यासाठी काम करणाऱ्या व्यक्तीशी संबंध (एक निवडा) : नातेवाईक / व्यवसाय / शेजारी / इतर

इतर.

संबंध केव्हापासून : १४ मे, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं

संबंधाचं स्वरूप, थोडक्यात :

इथे मी खूप वेळ थांबले. 'ओळख' लिहिलं. पुसलं. 'मैत्री' लिहिलं. तेही पुसलं. हा फॉर्म खोट्यासाठी नव्हताच... मग डचमध्ये, शाळकरी मुलीसारखी, सोपी वाक्यं लिहिली :

त्या शेतावर काम करणाऱ्या संशोधकावर माझं प्रेम आहे. मी त्याला अजून सांगितलेलं नाही. त्यामुळे या शेताकडे मी नीट पाहू शकत नाही. हंसांचं असंच नुकसान झालेली झीलंडची एक फाईल मी घाईत लाल केली होती. कृपया तीही पुन्हा उघडा. दोन्हीकडे कोणीतरी चालत जाऊन बघावं.

पाठवा.

आणि मग — पाठवल्यावर — पडद्यावर बारीक अक्षरं उमटली : या निवेदनाची प्रत अर्जदाराला पाठवण्यात आली आहे.

अर्जदार. गेरिट!

"मारलीन!" मी किंचाळले. "हे परत कसं घ्यायचं?"

"परत?" ती म्हणाली. तिच्या पडद्यावर माझा फॉर्म आधीच उघडला होता. तिने तो वाचला, शांतपणे. मग पर्समधून रुमाल काढला. "मुळीच नाही घ्यायचं."


अर्जदाराचं उत्तर

प्रत मिळाल्यावर अर्जदाराला विचारतात : तुमचा काही आक्षेप आहे का? त्याला सात दिवस असतात. गेरिटचं उत्तर पंचवीस मिनिटांत आलं. ते आजही नोंदीत आहे :

माझा आक्षेप नाही. मुलाला वाटाण्याच्या वाफ्यातून बोलावून दोनदा वाचून दाखवलं. त्याचाही आक्षेप दिसत नाही. तो हातपाय न धुता सायकल घेऊन स्टेशनकडे गेला आहे. कोणत्या गाडीने येतो ते त्याने सांगितलं नाही. बाईंनी ऑफिसातच थांबावं.

थांबावं! मी? मी जिने उतरून, रस्ता ओलांडून, कोट न घालता हूफडॉर्प स्टेशनवर. एक गाडी आली. गेली. दुसरी. रिमझिम चालू झाली. फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मी किती फेऱ्या मारल्या कोण जाणे.

चौथ्या गाडीतून तो उतरला. गुडघ्यापर्यंत चिखल. लोक वाट देत होते.

"नीरजा, मी तुला तसं विचारायला नको होतं," तो आल्या आल्या म्हणाला. धाप लागलेली. "फाईलचं."

"हो. नको होतं."

"आता लाल झालं तरी चालेल."

"नाही चालणार. तुझी माती आहे ती."

"नाही चालणार," तो म्हणाला. "पण तरी..." मग थांबला, ओठ चावले. "गेरिटनी दुसऱ्यांदा वाचताना मुद्दाम हळू वाचलं."

"कुठलं वाक्य?"

"पहिलं."

"आणि?"

"आणि मला ते तुझ्याकडून ऐकायचंय. मराठीत. काका फार वाईट उच्चार करतात ग..."

मी सांगितलं. काय सांगितलं ते लिहीत नाही. ते नोंदीत नाही, आणि तिथे नसलेलंच बरं.


फोटो ६

मारलीन जुलैत दोन्ही शेतांवर चालत गेली. झीलंडच्या कांदेवाल्याच्या पट्ट्यात चिखलाखाली कोंब सापडले, सगळीकडे. त्याचा लाल पुसला गेला. गेरिटच्या पट्ट्यात सापडले ते अर्ध्यातच. सोनं गेलं. चांदीही नाही. कांस्य.

गेरिटनी दोन दिवस विचार केला. मग शेजाऱ्याला कळवलं : या वर्षी नाही, पुढच्या वर्षी बघू. म्हणजे निहारला एक वर्ष. मलाही. एका वर्षात काय होईल कोणाला माहीत... मी प्रथमच नव्या खोलीची जाहिरात बघितलेली नाही, एवढं मात्र खरं.

मारलीनने काढलेला फोटो नोंदीत आहे. क्षितिज सरळ, उत्तरेकडे तोंड. वाचलेल्या अर्ध्या पट्ट्यात निळी फुलं आलेली. मापासाठी ओळखीची वस्तू हवी होती. वाटी फुलांत बुडून दिसेना. म्हणून तिने मला उभं केलं.

फोटोखाली तिने लिहिलंय : फुलांची उंची, तपासनीस नीरजाच्या कमरेएवढी. वस्तू स्थिर आहे.