निर्भार मत

त्या वर्षीही बारावीच्या जवळजवळ सगळ्या मुलांना पैकीच्या पैकी गुण मिळाले, आणि त्याचे कोणालाच नवल वाटले नाही. प्रत्येक मुलाच्या कानाशी यंत्रशिक्षक आल्यापासून गुण ही गोष्ट नाडीच्या ठोक्यासारखी झाली होती. ती प्रत्येकाजवळ असे, पण तिच्यावरून माणूस ओळखता येत नसे. उच्च शिक्षणसंस्थांतल्या जागा मात्र मोजक्याच राहिल्या. म्हणून अर्ज माणसांनीच वाचायचे असा कायदा झाला. विद्यार्थ्याने स्वतःविषयी लिहायचे, शिक्षकांनी त्याच्याविषयी लिहायचे, आणि निवड समितीने दोन्ही वाचून कौल द्यायचा. अर्ज आयुष्यात एकदाच करता येई.

सुरुवातीला या समित्यांची अब्रू रोज वर्तमानपत्रांत निघे. शिफारशी, धमक्या, खटले यांना अंत नव्हता. मग एकात्म प्रवेश प्राधिकरणाने समितीच गुप्त केली. ती कुठे बसते, तिच्यात कोण असते, हे कोणाला कळेना. वशिला लावायचा तर फोन कोणाला करायचा, हेही कळेना. विशेष म्हणजे निवड सुधारली. निवडलेली मुले खरोखर चमकू लागली. लोकांनी शंका घेणे सोडून दिले. जे चांगले चालले आहे त्याचे झाकण उघडून पाहण्याची आपल्याकडे पद्धत नाही.

चिखलदऱ्याला भरणारे प्रवेश-समुपदेशकांचे वार्षिक प्रशिक्षण अधिवेशन हा या व्यवस्थेचा एक निरुपद्रवी कोपरा मानला जाई. शाळाशाळांतून मुलांना अर्ज कुठे करावा, कसा लिहावा, हे सांगणारी ही मंडळी. हजेरी लावल्याशिवाय परवान्याचे नूतनीकरण होत नसे, म्हणून सगळे येत; थंड हवा आणि परतताना घ्यायची कॉफीची पाकिटे, म्हणून आनंदाने येत. मुख्य कार्यक्रम असे ‘सराव समिती’चा. समुपदेशकांनी गटागटाने टेबलाभोवती बसायचे, आपणच निवड समिती आहोत असे समजायचे, नमुन्यादाखल दिलेले अर्ज वाचायचे आणि हात वर करून स्वीकार किंवा नकार द्यायचा. टेबलाच्या पलीकडून आपली मुले कशी दिसतात, हे कळावे हा हेतू. नमुन्याचे अर्ज काल्पनिक असतात, हे सर्वांना ठाऊक होते.

अकोल्याच्या श्रावणी धोत्रे या कामात मुरलेल्या. नवख्यांचा गट नेहमी त्यांच्याकडे दिला जाई, आणि त्यांची एक पद्धत समुपदेशकांत प्रसिद्ध होती. समोरच्या अर्जांतला सर्वांत उत्तम अर्ज त्या निवडत आणि सर्वांदेखत तोच मोडीत काढत. चांगल्या अर्जाने दिपून जाऊ नये, हा धडा नवख्यांना त्याहून लवकर दुसऱ्या कशाने मिळत नाही, असे त्यांचे मत होते.

त्या सकाळी त्यांनी निवडलेला अर्ज किनारपट्टीवरच्या एका मुलाचा होता. गावातल्या म्हाताऱ्यांची बंद पडलेली श्रवणयंत्रे तो टाकाऊ भागांतून दुरुस्त करी.

“काय दोष आहे यात?” श्रावणीताईंनी विचारले.

“काहीच नाही, मॅडम,” बुलढाण्याची ईरा तायडे म्हणाली. तिचे हे पहिलेच अधिवेशन.

“तोच दोष. अडचण त्याची, उपाय त्याचा, शेवटी विनयसुद्धा त्याचाच. हा अर्ज इतका निर्दोष आहे की त्यात माणूस सापडत नाही. बोला, कोण घेणार?”

मंडळी हसली. ईराने अर्धवट वर केलेला हात खाली घेतला. नकार एकमताने झाला आणि सगळे चहाला गेले.

जेवणाच्या सुट्टीत श्रावणीताईंचा फोन वाजला. मूर्तिजापूरची आर्वी गवई बोलत होती, त्यांचीच विद्यार्थिनी. खारपाणपट्ट्यातल्या विहिरींचे खारे पाणी पावसाच्या पाण्याने गोडे करण्याची एक स्वस्त रीत या मुलीने शोधली होती. मृदा व जलविज्ञानाच्या ज्या एकाच संस्थेत तिला पुढे काम करता आले असते, तिथे तिने अर्ज केला होता.

“मॅडम, निकाल आला. नाही म्हणाले.”

“अगं, कसं शक्य आहे? कारण काय दिलंय?”

“वाचते. ‘हा अर्ज इतका निर्दोष आहे की त्यात माणूस सापडत नाही.’” पलीकडे ती थांबली. “म्हणजे काय, मॅडम? मी काय चुकले?”

श्रावणीताईंच्या हातातली ताटली तिरपी झाली आणि वरण टेबलावर सांडले. त्यांना पहिला संशय आला तो चोरीचा. आपले वाक्य सभागृहातून कोणीतरी उचलले आणि निवड समितीतल्या कोणा आळशी माणसाला पुरवले. तक्रार घेऊन त्या थेट डॉ. अनिमिष राजूरकरांच्या खोलीत गेल्या. राजूरकर निर्णयशास्त्राचे प्राध्यापक आणि अधिवेशनाचे शैक्षणिक संचालक होते.

त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. “वाक्य चोरलेलं नाही, धोत्रे मॅडम. नकाराचं कारण निर्णय देणाऱ्याच्याच शब्दांत कळवायचं, असा कायदा आहे. आम्ही तो पाळतो.”

“निर्णय देणाऱ्याच्या?”

“तुमच्या.”

श्रावणीताई खुर्चीवर बसल्या. 

“पण तो मुलगा होता. किनाऱ्यावरचा. श्रवणयंत्रं...”

“वेषांतर. गाव, विषय, मुलगा की मुलगी, सगळं यंत्र बदलतं. अर्जाचा सांगाडा तोच ठेवतं. नाहीतर तुम्ही आपल्या मुलांना ओळखाल.” राजूरकरांनी वर्गात शिकवावे तसे सुरू केले. “आपल्या शब्दाने कोणाचं तरी बरंवाईट होणार हे माहीत असलं, की माणूस फक्त समोरच्या अर्जाचा विचार करत नाही. दोष कोणावर येईल, कोण नाराज होईल, दया दाखवावी का, उद्या कोर्टात काय सांगू, हे सगळं तो सोबत तोलतो. याला आम्ही भार म्हणतो. तोच अर्ज त्याच माणसाला ‘हा सराव आहे’ असं सांगून दिला, तर भार उतरतो. मागे राहतं ते निव्वळ मत. निर्भार मत. अशा मतांनी निवडलेली मुलं पुढे किती चांगली निघाली, ते तुम्ही पाहताच आहात. गुप्त समिती कुठे बसते, असं लोक विचारतात. ती इथे बसते. दर वर्षी. तुम्हीच ती.”

“म्हणजे सगळे नमुने...”

“सगळे खरे.”

बाहेर व्हरांड्यात कोणीतरी मोठ्याने विनोद सांगत होते.  श्रावणीताईंनी हळू आवाजात विचारले, “सर, मी दर अधिवेशनात काय करते, तुम्हाला माहीत आहे?”

“तुमची मतं अत्यंत स्थिर असतात. आम्ही ती उत्तम मानतो.”

“मी सर्वांत चांगला अर्ज नाकारते. मुद्दाम. नवीन पोरापोरींना शिकवायला.”

राजूरकरांच्या चेहऱ्यावरचा शिक्षक नाहीसा झाला. “मुद्दाम म्हणजे? तुमचं खरं मत...”

“माझं खरं मत उलटं असतं! तो उत्तम आहे म्हणूनच तर मोडते. नाटक असतं ते. सरावात माणूस नाटक करतो, सर. छाप पाडतो, हशा मिळवतो, जेवायची वेळ झाली की भराभर हात वर करतो. तुमचा एक भार उतरला, तर हे दुसरे चढतात. हे कोणी तोललं?”

“पण निकाल चांगले आहेत,” राजूरकर म्हणाले. “आकडे आहेत माझ्याकडे.”

“निवडलेल्यांचे. नाकारलेल्यांचं पुढे काय झालं, ते पाहिलंत?”

“ते कसं पाहणार? ते संस्थेत नव्हतेच.”

हे वाक्य त्यांनी सहज उच्चारले आणि उच्चारताच ते स्वतःच थांबले. प्रयोगशास्त्राच्या पहिल्या वर्षाला जी चूक दाखवून विद्यार्थ्यांना हसवतात, ती हीच होती. जे आत आले ते चांगले निघाले, यावरून जे बाहेर राहिले ते वाईट होते असे ठरत नाही. दोन्ही बाजूंची मुले सारखीच गुणी असतील, तर चिठ्ठ्या टाकूनही निकाल इतकेच चांगले आले असते. राजूरकरांनी चष्मा काढला. तो पुसण्यासारखा झालेला नव्हता. तरी ते पुसत राहिले.

“आर्वीचा अर्ज परत आणा,” श्रावणीताई म्हणाल्या.

“मला तो अधिकार नाही. पण नाकारलेल्या प्रत्येक अर्जाचं दुसरं वाचन होतं, दुसऱ्या गटाकडून. तिचं आत्ता, जेवणानंतर, मोठ्या सभागृहात. तिथला कौल शेवटचा.”

“मग मी तिथे जाऊन खरं सांगते.”

“सांगा.”

“अडवणार नाही तुम्ही?”

“कधीच कोणाला अडवलेलं नाही. दर वर्षी कोणीतरी आपलं वाक्य ओळखतंच.” त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. श्रावणीताईंकडे मात्र पाहिले नाही. “या वेळी ते तुमचं ऐकोत. मनापासून म्हणतो.”

मोठ्या सभागृहात यवतमाळचे फरहान देशमुख गट चालवत होते. ते श्रावणीताईंचे जुने स्नेही. पडद्यावर श्रवणयंत्रांचा अर्ज होता. सकाळचा गट आता प्रेक्षकांत बसला होता.

“या, या, श्रावणीताई! तुमचाच बकरा आहे. आम्ही सोडवतो का बघा.”

“फरहानभाऊ, थांबवा हे.” त्या टेबलाजवळ गेल्या.  “ऐका सगळे. हे अर्ज खोटे नाहीत. ही खरी मुलं आहेत. निवड समिती म्हणून जी आहे, ती आपणच आहोत. आत्ता हात वर कराल तो खरा निकाल आहे. राजूरकर सरांनी आत्ता कबूल केलं. आजपर्यंत आपण इथे बसून, हसत, चहा पीत...” 

सभागृह सुन्न झाले. ईराचा चेहरा पांढरा पडला होता. फरहानभाऊंचे तोंड उघडे राहिले.  एक क्षण, पूर्ण एक क्षण, सगळ्यांनी त्यांच्यावर विश्वास ठेवला.

मग मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणाले, “दबाव-प्रसंग!”

“अरे हो की!” दुसऱ्याने टेबलावर थाप मारली. “सरावात मुद्दाम घुसवतात तो! मागच्या खेपेला आमदाराचा पीए बनून एक जण घुसला होता. त्याच्या आधी रडणारी आई.”

“ताई, काय जबरदस्त केलंत हो!” फरहानभाऊंनी छातीवर हात ठेवला. “माझं तर ब्लडप्रेशर वाढलं. मंडळी, लक्षात आलं ना? समितीवर असाही दबाव येऊ शकतो. ‘हे खरं मूल आहे’ असं कोणी म्हटलं, म्हणून मत बदलायचं का?”

“भाऊ, मी शपथ घेते. गाव, विषय सगळं यंत्राने बदललंय. मूर्तिजापूरची पोरगी आहे ती. आर्वी गवई तिचं नाव.”

“नावगाव पण तयार आहे! वाः!”

तेव्हा श्रावणीताईंनी फोन काढला, आर्वीला लावला आणि आवाज सभागृहाच्या ध्वनिक्षेपकावर टाकला.

“आर्वी, बोल बेटा. तुझ्या विहिरींबद्दल सांग यांना. सगळं सांग.”

“मॅडम?” हुंदक्याने चिरकलेला तो आवाज छतापर्यंत भरून राहिला. “काय सांगू? माझ्या गावात उन्हाळ्यात पाणी जिभेला लागतं, म्हणून मी... मॅडम, त्यांनी पुन्हा बघितलं का? मी लिहिलेलं सगळं खरं आहे. विहीर दाखवते मी त्यांना. कोणीही या म्हणावं.”

कोणताही आवाज, कोणाचाही हुंदका, चहा होण्याच्या आत यंत्राकडून तयार करून मिळण्याचा तो काळ होता. ऐकणाऱ्यांत एकही दुष्ट माणूस नव्हता. ईराच्या डोळ्यांत पाणी आले, आणि ते आले याचीच तिला लाज वाटली. टाळ्यांना तिनेच सुरुवात केली. मग रांगामागून रांगा उठल्या.

“मॅडम,” आर्वीने विचारले, “कोण टाळ्या वाजवतंय?”



“चला,” फरहानभाऊंनी टाळ्या थांबवत म्हटले, “आता दबाव बाजूला ठेवून, अगदी मोकळ्या मनाने. नकार कोणाकोणाचा?”

ध्वनिक्षेपकावर आर्वी अजून श्वास रोखून ऐकत होती. सभागृहात हात वर होऊ लागले.